खालची ओळ

मार्च सरत आला की माझ्याकडे परक्या भाषा येतात,
कुरियरवाल्याच्या घामट पाकिटातून, पेन ड्राइव्हमध्ये बसून.
महोत्सव आठवड्यावर आलेला असतो
आणि मिनिटाला पंचेचाळीस रुपये या दराने
मी माणसांना मराठीत बोलतं करते.
मला गारो येत नाही, कोकबोरोक येत नाही, तुळूही नाही.
सोबत इंग्रजी ओळी पाठवतात, त्यांच्यावरून.
म्हणजे उसन्याचं उसनं.
बेचाळीस अक्षरांत बाईचा हंबरडा बसवायचा,
दोन सेकंदांत पुसायचा.

प्रभादेवीला पोचले तेव्हा सावरीचा कापूस उडत होता.
झाडूवाला थांबून नुसता बघत होता,
कारण झाडला की तो अजूनच उडतो.
या शहरात वसंताला कुणी आमंत्रण धाडत नाही.
तो आपला कैरीवाल्याच्या तिखटमिठात थोडा,
थोडा एसीच्या ठिबकत्या पाइपाखाली
भिंतीतून उगवलेल्या पिंपळाच्या तांबूस पानांत.

आत तेच चेहरे, गळ्यात तेच पट्टे.
चष्म्याला दोरी बांधलेले रेगे,
जे प्रत्येक सिनेमा वीस मिनिटं बघून दुसऱ्या पडद्याकडे पळतात
आणि संध्याकाळी सगळ्यांवर बोलतात.
निलोफर, जी रजेसाठी दरवर्षी एक मावशी मारते.
यंदा सातवी.

तिसऱ्या दिवशी दोन वाजता माझा सिनेमा.
दोन भाऊ, मध्ये एक फणस, आणि म्हातारा बाप
जो शेवटच्या रात्री बायकोला म्हणतो:
आता तूच दार लाव.
या ओळीवर मी अख्खी संध्याकाळ घालवली होती.
'लावून घे' करून पाहिलं, 'ओढून घे' करून पाहिलं.
ओळ पडद्यावर उमटली. सभागृह गप्प झालं.
मी मनातल्या मनात पदर सावरला.
आणि मागच्या रांगेत कुणीतरी खो खो हसलं.
मग डावीकडे दोघं. मग वर कोपऱ्यात एक अख्खं कुटुंब.
आम्ही बाकीचे वळून बघत राहिलो,
मयताच्या घरी कुणाचा मोबाइल वाजावा तसे.

पुढे मी खाली बघितलंच नाही.
मान अर्धी वळवून त्या माणसाचे खांदे वाचत बसले.

चहाच्या रांगेत गाठलं त्याला.
दामोदर साल्यान. शिवडीला खाडीवर
रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना इडली विकतो.
आज शटरवर खडूने लिहून आला होता: दुपारी बंद.
म्हणाला, "बरोबर आहे हो तुमचं. दार लाव असंच म्हणतोय.
पण ज्या सुरात म्हणतोय ना,
त्या सुरात आमच्या घरी कोंबड्यांशी बोलतात.
म्हातारीला कळलंय ते. म्हणून तर रडत नाही ती."
मग चहा फुंकत विचारलं,
"तुमच्यात कसं म्हणतात असलं?"

कप रिकामा होईपर्यंत मला सुचलं नाही.

अण्णा शेवटी म्हणाले होते, "लाइटचं बिल भर."
अकरा वर्षं मी ते वाक्य
गंभीर चेहऱ्याने सांगत आले, येणाऱ्याजाणाऱ्याला:
बघा, जातानाही घराचीच काळजी.
आणि आज, हातात कागदी कप चुरगाळताना,
त्यांच्या ओठाचा डावा कोपरा आठवला.
बिल तर त्यांनीच भरलं होतं, चार दिवसांपूर्वी.
पावती टेबलावर होती.

प्रोजेक्शनच्या खोलीत गेले. एक ओळ बदलायचीय, म्हटलं.
पोरगा वेफर्स खात होता.
"फाइल लॉक आहे, मॅडम."
म्हणजे रविवारच्या शोलाही ती तशीच येणार,
माझी गंभीर, काजळ घातलेली ओळ.
साल्यान जिन्यावरून ओरडला,
"रविवारी सासूला आणतोय! ती माझ्याही आधी हसेल."

मी मागच्या रांगेतलं तिकीट मागून घेतलं.
तिच्या शेजारचं मिळालं तर बरं.